पाटीवर लिहिणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण वाचलंत की कळेलच कुणाचं पत्र ते. अंदमानात हॅवलॉकला स्कूबाच्या बुडीत कान मोकळे करायला नाक दाबून दाबून बेजार झालेली सांगलीची काकी.

२०१९ च्या पुरात आमचं खालचं घर पाण्यात गेलं, तेव्हापासून पाणी म्हटलं की कुणीतरी ओरडतंय, आवरा, पटकन चला, बोट निघाली, असंच कानात वाजतं. तरी पोराच्या हट्टापायी मागे एका ठिकाणी स्कूबाला गेले होते. तिथं इशारे काय असतात ते कुणी धड सांगितलंच नाही. खाली गेल्यावर मस्त वाटलं म्हणून मी आपला अंगठा वर केला, तर तिथल्या शिकवणाऱ्या पोरानं मला उचलून थेट वरच आणलं! वर आल्यावर म्हणतो, काकू तुमच्यानं नाही होणार. पाच मिनिटं झाली नसतील. पैसे मात्र पूर्ण घेतले. अंगठा म्हणजे 'वर चला' हे मला तुमच्याकडून कळलं, तेही किनाऱ्यावर, चहा पिता पिता.

सकाळी सहाला आपण वाळूवरून चालतच पाण्यात शिरलो. बोट नाही, उडी नाही. थोडं खाली गेलो आणि माझे कान ठणकायला लागले. १० मीटरवर दाब दुप्पट होतो हे तुम्ही सांगितलेलं, पण मला तर दोन-तीन मीटरलाच घाम फुटला (पाण्यात घाम फुटतो का माहीत नाही, मला फुटला). तुम्ही मला जरा वर घेतलंत, कमरेची ती पांढरी पाटी काढलीत आणि पेन्सिलीनं लिहिलंत, "घाई न्हाई". आणि खरंच थांबलात. किती वेळ ते देवाला माहीत. तुम्हीही आपल्या वाळव्याकडचे हे मला त्या 'न्हाई'वरनं कळलं, आणि समुद्राच्या पोटात हसू आलं तर मास्कमध्ये पाणी शिरतं हेही कळलं.

मग कान मोकळे झाले. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कर्रर्र आवाज ऐकला, भडंग खाल्ल्यासारखा. त्या समुद्रफुलाच्या झुबक्यात राहणारे केशरी मासे, क्लाउनफिश, ते तर माझ्याच अंगावर धावून आले, एवढेसे, पण रुबाब बघा! त्यांच्यात सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो, घर तीच चालवते, हे तुम्ही सांगितलेलं मी ह्यांना तीनदा ऐकवलं.

पैसे घेऊन समुद्र दाखवणारे लय आहेत हो. शेजारी गप थांबणारा माणूस कुठं मिळतो? बँकेत मिळत नाही, दवाखान्यात मिळत नाही.

भडंग पाठवलंय, मिळालं की कळवा. आणि एक तक्रार आहे. वर आल्यावर पाटी तुम्ही लगेच पुसून टाकलीत. फोटो काढायचा होता मला.