नाना, तुमच्या तापमानाच्या वह्यांसाठी

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

समोर आभार मानले तर तुम्ही विषय बदलून चहा मागवता. म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्या वह्या सुरू झाल्या केळीपायी. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, आणि ते आकडे आपल्या शिवाराशी जुळतात का, हे तुम्हाला स्वतः बघायचं होतं. निवृत्त झाला तरी भूगोलाचा मास्तर तो! पांढरी, झडपांची लाकडी पेटी, दार उत्तरेला, आत कमाल-किमान तापमापक. रोज सकाळी आकडे टिपायचे आणि मग लोहचुंबकाने नळीतल्या दोन्ही बारीक सुया ओढून पुन्हा पाऱ्याला टेकवायच्या. सणवार असो की लग्नसराई, यात खंड नाही.

आमच्या आरोग्य केंद्रात वेगळी वही, ओपीडीची. एप्रिल-मे आला की घड वाहणारे मजूर, भट्टीवरची माणसं, पत्र्याच्या घरातल्या म्हाताऱ्या 'ऊन लागी गयं' म्हणत येतात. सगळ्यांचं लक्ष असतं दुपारच्या पाऱ्याकडे. आज भुसावळ किती, जळगाव किती, यावर पारावर पैजा लागतात. तुम्ही मात्र दोन्ही वह्या शेजारी-शेजारी उघडल्या आणि बोट ठेवलं किमान तापमानाच्या रकान्यावर. रात्र तापलेलीच राहिली की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रांग.

एका गावाच्या वह्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे तुम्हीच मला बजावलंत. पण शरीराचा हिशेब याला धरूनच आहे. दिवसभर तापलेलं अंग रात्री निवावं लागतं. पत्रा आणि भिंती रात्रभर उष्णता सोडत राहिल्या तर झोप लागत नाही, हृदयाला उसंत मिळत नाही, आणि माणूस सकाळी थकलेलाच कामावर जातो. हवामान खातंही 'उष्ण रात्र' वेगळी मोजतं: दिवसाचा पारा ४० अंश किंवा त्याहून जास्त आणि रात्रीचा सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी चढा.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. मग महापालिका, डॉक्टर आणि हवामानवाले एका टेबलाशी बसले आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. जागतिक हवामान परिषदेत आरोग्यासाठी स्वतंत्र दिवस मिळायला मात्र डिसेंबर २०२३ उजाडला, दुबईत. त्या परिषदा १९९५ पासून भरतात! आपल्याकडे हे टेबल म्हणजे तुमच्या ओट्यावरची खाट.

तुमचं एक वाक्य मी आता प्रत्येक बैठकीत वापरतो (तुमचं नाव न घेता, माफ करा): 'केळीला जास्त तापमानाचा विमा आहे, घड वाहणाऱ्याला काय आहे?' बागेला गरम वारा लागू नये म्हणून आपण कडेने शेवरी आणि गजराज गवत लावतो. मजुराच्या सावलीची गोष्ट निघाली की मात्र सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

तुम्ही मुकादमाला पटवलंत म्हणून आता कापणी उजाडताच सुरू होते आणि ऊन चढायच्या आत गाडी भरते. मजुरी कापली जाणार नाही, हेही तुम्हीच वदवून घेतलंत; माझं त्याने ऐकलं नसतं. रात्रीचा आकडा चढा असला की तुमचा निरोप सकाळीच आशाताईंना जातो. त्या ओआरएसची पाकिटं घेऊन आधी पत्र्याच्या घरांकडे जातात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे तर नक्की. याला ना शासन निर्णय, ना निधी, तरी चाललंय. मनापासून आभार, नाना.

आता एक काम. उपकेंद्रासाठी तशीच पेटी करून घेतली आहे. ती कुठे उभी करायची ते तुम्हीच ठरवा. आमचा शिपाई पंप हाउसच्या भिंतीला लावायला निघाला होता. सोमवारी या. आणि येताना बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणा, गेल्या महिन्यात तुम्ही तपासणी चुकवली आहे.

आपला,
आरोग्य केंद्रातला डॉक्टर