तिला येऊ दे, पण...

प्रिय सुमे,

तुझी व्हॉइस नोट दोनदा ऐकली. कुणी पीएचडीवाली वर्षभर तुझ्या वर्गात बसायचं म्हणतीये, हेडमास्तर म्हणतात तुमचं तुम्ही ठरवा, आणि तू मला विचारतेस येऊ देऊ का. फोनवर हे सांगून व्हायचं नाही, मधेच कुकरच्या शिट्ट्या होतात, म्हणून टाइप करतीये. लांबलं तर सांभाळून घे.

आधी माझा जुना राग. सहाएक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जण आले होते, प्रश्नावली घेऊन. तुम्ही कृतियुक्त अध्यापन करता का, नेहमी, कधीकधी, कधीच नाही, टिक करा. आम्ही सगळ्यांनी 'नेहमी'वर टिक केली (तू काय केलं असतंस?), त्यांनी चहा घेतला, फोटो काढला आणि गेले ते गेलेच. पुढं काय निघालं त्यातनं देव जाणे. त्यामुळं गेल्या जूनमधे पाषाणहून दोन बस बदलून अशीच एक संशोधनवाली पोरगी आली तेव्हा मी तिला सरळ म्हणलं, मला सरकारच्या यूडायस पोर्टलवर शाळेची माहिती भरायचीये, तुझे फॉर्म ठेवून जा.

तिच्याकडे फॉर्म नव्हतेच. ती म्हणाली, बाई तुम्हाला काय छळतंय ते सांगा. आता हे मला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, ना ट्रेनिंगमधे ना मीटिंगमधे. मी म्हणलं, दुसरीतली पोरं सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितात, दर वर्षी, आणि मी दर वर्षी ओरडते.

मग ती दर मंगळवारी मागच्या बाकावर. पहिले दोन महिने खरं सांगते अवघडल्यासारखं व्हायचं, मी उगाच गोड आवाजात शिकवायचे, पोरं पण बघायची बाईंना आज काय झालंय. नंतर तिचं असणं विसरायला झालं आणि मग कुठं काम सुरू झालं. तिनं एकच गोष्ट सांगितली, चुका खोडायच्या नाहीत, तारीख टाकून तशाच ठेवायच्या. शाळा सुटली की आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधे बसून वह्यांचे गठ्ठे लावायचो. मला वाटायचं सगळ्या चुकांचं नाव एकच, 'लक्ष नाही'. पण एका गठ्ठ्यात नुसती अदलाबदल, दुसऱ्यात एकशे पाचचे १००५, शंभर लिहून पुढं पाच, बरोबरच आहे की त्यांच्या हिशोबानं. आणि तिसरा एकोणचा. एकोणचाळीस म्हणलं की ४९. एका पोराला ती म्हणाली समजावून सांग, तर म्हणतो, एकोण म्हणजे शेवटी नऊ असतो आणि चाळीस तर ऐकूच येतंय. सुमे, एकोणीस आणि एकोणतीसवरनं त्यानं स्वतः नियम काढला होता गं! आणि मी त्याला फुली मारत होते. एकोण म्हणजे एक उणे, चाळीसला एक कमी, हे मी कधी शब्द फोडून सांगितलंच नव्हतं, आपण डीएडला तरी कुठं शिकलो.

पण सगळं तिनंच शोधलं असं नाही हं. ती म्हणत होती चुका अभ्यास न घेणाऱ्या घरातल्या जास्त असणार. मी म्हणलं थांब, तिकडच्या बांधकामावरच्या कानडी पोरांना बाजूला घेऊन विचार. एकीला विचारलं घरी काय म्हणता, ती म्हणाली इप्पत्तेळु. म्हणजे वीस आधी, सात नंतर. तिला तिच्या भाषेत सांगितलं की बिनचूक २७. माझ्या शेऱ्यात तिचं 'गणित कच्चं'. कोणत्या पोराला हाताशी धरायचं ते मला ठाऊक, त्याला काय विचारायचं ते तिला. एकटी कुणीच तिथवर पोचली नसती.

आठवतंय, २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आलं तेव्हा आपण किती जोक फॉरवर्ड केले होते? मला अजूनही सत्तावीसच म्हणायला आवडतं, पण जोक करताना एकदाही वाटलं नाही की आपल्याच कपाटात त्या प्रश्नाच्या वह्या पडल्यात, रद्दीत जायला.

तिनं होशंगाबादच्या विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमाचं सांगितलं. १९७२ साली मध्य प्रदेशात १६ शाळांत सुरू झालं, टीआयएफआर ही मुंबईची संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ इथले शास्त्रज्ञ गावच्या मास्तरांबरोबर बसायचे, मास्तर दर महिन्याला भेटून काय जमलं काय फसलं सांगायचे आणि त्यावरनं 'बाल वैज्ञानिक' पुस्तकं बदलायची. २००२ मधे सरकारनं बंद केलं. तीस वर्षं चाललं आणि मला नाव पण माहीत नव्हतं, लाजच वाटली.

एक भांडण मात्र अजून चालू आहे. तिच्या इंग्रजी लेखात मी 'टीचर ए' आहे. नियम आहे म्हणे, नाव लपवायचं. ठीक, पण मग एकोणची गोष्ट कुणाची? ती पण गप्प होते यावर. ती म्हणते पुढचं मराठीत दोघींच्या नावानं लिहू. बघू.

तर तुझ्या त्या पीएचडीवालीला येऊ दे, पण पहिल्या दिवशी विचार की प्रश्न ठरवून आलीस का माझ्याबरोबर ठरवणार. आणि जे निघेल ते इथं येऊन, मराठीत, पालकांसमोर सांगणार का. गडबडली तरी चालेल, गुळमुळीत हो म्हणाली तर मात्र जरा जपून. आणि तू पण 'नेहमी'वर टिक करू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा पोरांच्या जुन्या वह्या घेऊन ये, एकोणवाल्या खास. जुन्नरच्या एसटीनं शिवाजीनगरला उतर, मी गाडी घेऊन येते, पिशव्या जड असतील.

तुझी,
वैशी (टीचर ए)