खर्चाच्या मागणीवर सदस्याला स्वतःचं मत असू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, आपल्या दैनिकात आलेला लेख करवीर नगर वाचन मंदिरात बसून वाचला आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. पश्चिम व्हर्जिनियाचे माजी सिनेटर जो मँचिन यांनी एकट्याने देशाला वेठीस धरलं, असा त्या लेखाचा सूर आहे. मला तो पटला नाही. मँचिन यांचे सगळे निर्णय मला मान्य आहेत असं नाही. एक तर मुळीच मान्य नाही, त्याबद्दल खाली लिहितेच. पण स्वतःच्या पक्षाच्या खर्चाच्या विधेयकाला उघडपणे नाही म्हणून पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसायची मोकळीक त्यांना होती. आपल्या आमदार-खासदारांना ती नाही, याची मला जास्त खंत वाटते.

त्यांच्या हाती एवढी ताकद आली ती आकड्यांमुळे. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियातल्या दोन जागा मँचिन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकल्या आणि शंभर जणांच्या सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली. समान मतं पडली तर तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत निर्णायक. म्हणजे सत्ताधारी बाजूचा एकही सदस्य गळून चालणार नव्हतं. त्यातून मँचिन ज्या राज्यातून येत, ते कोळशाच्या खाणींचं. २०२० मध्ये तिथे ट्रम्प यांना ६८ टक्क्यांहून जास्त मतं पडली होती. अशा राज्यातून डेमोक्रॅट म्हणून निवडून येणारा माणूस मधल्या वाटेनेच चालणार.

दुसरी गोष्ट नियमाची. तिथे साध्या विधेयकावरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तरी ६० मतं लागतात. चर्चा थांबवायची सोय १९१७ मध्ये झाली, तेव्हा दोन तृतीयांश मतांची अट होती. १९७५ मध्ये ती तीन पंचमांशावर आली. याला अपवाद अर्थसंकल्पाशी जुळवून घेण्याच्या (रिकन्सिलिएशन) विधेयकांचा. १९७४ च्या कायद्यानुसार त्यांवर वीस तासच चर्चा होते आणि साधं बहुमत पुरतं. मात्र त्यात जमाखर्चाशी थेट संबंध नसलेलं काही घुसवता येत नाही. किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याचं कलम २०२१ मध्ये या अटीवरच वगळावं लागलं. ही अट ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते रॉबर्ट बर्ड पश्चिम व्हर्जिनियाचेच, आणि त्यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा २०१० मध्ये मँचिन यांनी जिंकली.

आता त्यांचा आक्षेप. लेखात तो एका ओळीत उरकला आहे. मी सगळी नोकरी लेखा विभागात केली, त्यामुळे मी तिथेच अडले. तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांची मोठी सामाजिक योजना याच साध्या बहुमताच्या वाटेने आणली होती. तिचा आकडा सुरुवातीला साडेतीन लाख कोटी डॉलर होता, तो कापत कापत निम्म्याच्या आसपास आणला. कनिष्ठ सभागृहाने १९ नोव्हेंबर २०२१ ला जो मसुदा मंजूर केला, त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. करांतून येणारा पैसा दहा वर्षांचा धरलेला, पण खर्चाच्या बाजूला मुलांसाठीचा वाढीव भत्ता एकाच वर्षाचा आणि बालवाडी-पाळणाघरांची योजना सहा वर्षांची. वर्षभराने भत्ता बंद करायचा, असा तो मांडणाऱ्यांचा विचार नव्हता. पुढे मुदतवाढ मिळवूच, अशीच त्यांची उमेद होती. पण कागदावर एका वर्षाचा खर्च घातला की एकूण बेरीज आटोक्यात दिसते. मँचिन म्हणत होते, योजना दहा वर्षं चालवायची असेल तर दहा वर्षांचा खर्च दाखवा.

ही युक्ती मी ओळखते. ज्या कामाला पैसे द्यायचे नसतात पण नाहीही म्हणायचं नसतं, त्याच्यासमोर अंदाजपत्रकात एक हजार रुपयांची टोकन तरतूद टाकतात. लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं खातं, जिवंत राहतं आणि सदस्याला गावात जाऊन 'काम बजेटला धरलंय' असं सांगता येतं. जे काम करायचंच असतं त्याचा मात्र पहिला हप्ता तेवढा दाखवायचा आणि बाकीचं दायित्व पुढच्या वर्षांच्या माथी मारायचं. कागद खोटा नसतो, बेरीज बरोबर असते, ऑडिटमध्येही काही निघत नाही. फक्त हात वर करणाऱ्याला आपण किती खर्चाला हात वर केला हे समजत नाही. म्हणून त्या आक्षेपाला मी अडवणूक म्हणणार नाही. सभागृहातल्या प्रत्येकाने विचारायलाच हवा असा तो प्रश्न होता.

त्या प्रश्नावरून मँचिन यांनी जो निष्कर्ष काढला, तो मला अजिबात पटत नाही. १९ डिसेंबर २०२१ ला दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी या विधेयकाला मत देणार नाही असं सांगितलं आणि आधीपासून सुरू असलेला वाढीव भत्ता बंद पडला. माझी भाची अमेरिकेत पिट्सबर्गला असते. सहा वर्षांखालच्या मुलामागे महिन्याला ३०० डॉलर आणि त्यावरच्या मुलामागे २५० डॉलर, असे ते पैसे जुलैपासून डिसेंबरपर्यंत थेट खात्यावर जमा होत होते. भाचीचं त्यावाचून अडत नव्हतं. तिच्या मुलीच्या पाळणाघरात काम करणाऱ्या बाईंचं घरभाडं मात्र त्यातून जात होतं, आणि जानेवारीत पैसे आले नाहीत तेव्हा त्यांनी शनिवार-रविवारचं दुसरं काम धरलं. सरकारी पूरक मोजणीनुसार त्या देशातलं मुलांच्या दारिद्र्याचं प्रमाण २०२१ मध्ये ५.२ टक्के होतं, ते २०२२ मध्ये १२.४ टक्के झालं. हिशेब खरा मांडा म्हणायचं आणि खऱ्या हिशेबात गरिबाच्या मुलाला जागा उरू नये, हे मला सहन होत नाही. भत्त्याला कामाची अट असावी, असा त्यांचा आग्रह होता. लहान मूल सांभाळणं हे काम नाही काय?

शिवाय त्यांच्या कुटुंबाला कोळशाच्या धंद्यातून उत्पन्न होतं आणि ते स्वतः सिनेटच्या ऊर्जा समितीचे अध्यक्ष होते, हेही लपवून चालणार नाही.

१९ जानेवारी २०२२ ला मतदान हक्काच्या विधेयकासाठी ६० मतांचा नियम शिथिल करायचा ठराव आला. तो ५२ विरुद्ध ४८ असा पडला. मँचिन आणि ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा हे दोघे स्वपक्षाविरुद्ध गेले. नियम मोडला तर उद्या दुसरी बाजू तोच मोडलेला नियम आपल्यावर चालवील, हे त्यांचं म्हणणं. २०२५ च्या शरद ऋतूत खर्चाचं विधेयक ६० मतांअभावी अडून सरकारी कामकाज ४३ दिवस बंद पडलं, तेव्हा ट्रम्प यांनी हाच नियम काढून टाका म्हणून आपल्या पक्षाकडे धोशा लावला. त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते जॉन थून बधले नाहीत, आणि शेवटी विरोधी बाजूच्या आठ जणांनी साथ दिली तेव्हा ६०-४० मतांनी मार्ग निघाला. मँचिन यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे त्यावरून मान्य करावं लागतं.

तरीही माझं मन त्या नियमाच्या बाजूने होत नाही. १९६४ मध्ये कृष्णवर्णीयांना समान हक्क देणाऱ्या विधेयकाविरुद्ध याच रॉबर्ट बर्ड यांनी चौदा तासांहून जास्त वेळ भाषण करून मतदान रोखून धरलं होतं. मी ज्या गावात राहते तिथे २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला. तेव्हा दरबारात शंभरातल्या साठ जणांची संमती घ्यावी लागली असती तर तो हुकूम निघाला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण नियम वेगळा आणि सदस्य वेगळा. नियमाने मूठभरांना सगळं अडवता येतं, ते मला नको. सदस्याने मसुदा वाचावा, पटला नाही तर तसं सांगावं आणि पटेपर्यंत वाटाघाट करावी, ते मला हवं आहे. कारण मँचिन यांच्या नकारावर ती गोष्ट संपली नाही. जुलै २०२२ च्या अखेरीस त्यांनी आणि पक्षनेते चक शूमर यांनी नवा मसुदा जाहीर केला आणि ७ ऑगस्टला हॅरिस यांच्या मताने तो ५१-५० असा मंजूर झाला. स्वच्छ ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३७ हजार कोटी डॉलर, ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यात इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा, औषधांच्या किमतींवर सरकारने घासाघीस करायची मुभा. बालभत्ता त्यात नव्हता, हे मी विसरत नाही.

आता आपल्याकडे या. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे (१९८५) पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत दिलं किंवा नुसतं गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. मग विषय सरकार टिकण्याचा असो की एखाद्या खात्याच्या पुरवणी मागणीचा, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चाचा. स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राने १९८६ चा वेगळा कायदा केला आणि तोच धाक खाली जिल्हा परिषदेपर्यंत आणला.

मी ज्या संस्थेत नोकरी केली तिचं नाव लिहीत नाही. डोंगराकडच्या भागातून आलेले एक सदस्य होते, सत्ताधारी गटाचे. मार्चच्या सभेआधी ते माझ्या टेबलाशी यायचे, मागच्या वर्षांची अंदाजपत्रकं मागून घ्यायचे आणि लेखाशीर्षांवरून बोट फिरवत एकेक ओळ वाचायचे. त्यांच्या वाडीच्या ओढ्यावरच्या साकवाला दरवर्षी टोकन तरतूद पडत होती. एका वर्षी त्याच पानावर सभागृहातल्या खुर्च्या-टेबलांसाठी भरभक्कम रक्कम होती. ते सभेत उभे राहिले. "आमच्या पोरांनी गळ्याइतक्या पाण्यातनं शाळेला जायाचं आणि हितं खुर्च्या बदलायच्या व्हय? ही तरतूद तिकडं वळवा, न्हाईतर माझा विरोध लिहून घ्या." गटनेत्यांनी मागे वळून एवढंच सांगितलं, की पक्षादेश निघालाय, अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. ते खाली बसले. चहूकडून 'मंजूर, मंजूर' झालं. पुढच्या मार्चला ते माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत. वाचून उपयोग नसेल तर कोण वाचेल?

वर दिल्लीतही तेच दिसतं. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेने सगळ्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या.

मोकळीक दिली तर घोडेबाजार वाढेल, असं म्हणतात. 'आयाराम-गयाराम' या पिढीने पाहिले आहेत, भीती खोटी नाही. पण आज काय आहे? एकट्याने एका मागणीला प्रामाणिकपणे विरोध केला तर त्याची खुर्ची जाते, आणि दोन तृतीयांश सदस्य मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर कायदाच त्यांना कवच देतो. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने अपात्रता विश्वास आणि अविश्वास ठरावापुरती ठेवावी असं सुचवलं होतं. खासदार मनीष तिवारी यांनी अशाच आशयाचं खासगी विधेयक मांडलं आहे, मात्र त्यात अर्थविषयक बाबींवर पक्षादेश कायम आहे. मला नेमकं तिथेच पुढे जावंसं वाटतं. मुख्य अर्थसंकल्पावर पक्षादेश राहू द्या, तिथे सरकारच पणाला लागतं. पुरवणी मागण्या प्रत्येक अधिवेशनात येतात, त्यातल्या एखाद्या मागणीला सत्ताधारी आमदाराने नाही म्हटलं म्हणून सरकार पडायचं कारण नाही. तेवढ्या तरी पक्षादेशातून मोकळ्या करा.

आपल्याला एक विनंती आहे. या जिल्ह्यातून विधानसभेवर दहा आमदार जातात. प्रत्येक अधिवेशन संपलं की पुरवणी मागण्यांवर त्यांच्यापैकी कोण बोललं, कोणत्या खात्याच्या मागणीवर बोललं, कुणी मतविभाजन (मतांची मोजणी) मागितलं, याचा एक छोटा तक्ता आपल्या कोल्हापूर आवृत्तीत छापावा. विधिमंडळाचं छापील कामकाज वाचून तो तयार करून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. जागा किती देता येईल तेवढं कळवा.

आपली वाचक,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
मंगळवार पेठ, कोल्हापूर