डिझेल स्वच्छ झालं, तपासणीचं काय?

महोदय,

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ मी 31 वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केली. पूर्वी सायलेन्सर खोलला की बोटभर काजळी निघायची. घरी कितीही घासलं तरी नखांतलं काळं जात नसे.

2017 पर्यंत देशाच्या बऱ्याच भागांत डिझेलमध्ये दहा लाखांत 350 भागांपर्यंत गंधक चालायचं. 1 एप्रिल 2020 पासून ही मर्यादा देशभर 10 वर आली. वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या 'भारत स्टेज' मानकांतली बीएस-5 ची पायरी गाळून आपण थेट सहावर गेलो, ही फार मोठी गोष्ट आहे. गंधक जास्त असलं की धूर साफ करणारी यंत्रणा खराब होते, म्हणून आधी इंधनच सुधारावं लागतं.

पण न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या जुन्या ट्रकांना ही यंत्रणाच नाही. चांगलं डिझेल घातलं तरी इंधन फवारणारा नोझल झिजला असेल तर इंजिन काळाच धूर ओकणार. गेल्या महिन्यात एका पीयूसी (धूर तपासणी) केंद्रावर माझ्यासमोर नंबरप्लेटचा फोटो काढून प्रमाणपत्र दिलं. तपासणीची नळी धुराड्यात घातलीच नाही. मी विचारलं, तर तिथला माणूस "काका, लाइन बघा किती आहे" म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

आमच्या गॅलरीतल्या तुळशीच्या पानावरून संध्याकाळी बोट फिरवलं तर ते आजही काळं होतं. नात त्याच गॅलरीत खेळते.

नळी आत घालून, इंजिन रेस करून घेतलेल्या चाचणीच्या चित्रफितीशिवाय परिवहन विभागाने एकही पीयूसी ग्राह्य धरू नये, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त डिझेल मेकॅनिक, कळंबोली, नवी मुंबई