रुमालाला भोकं पडली, काका

काका,

खरंतर हे तोंडावर बोलायला हवं होतं, तुम्ही तळमजल्यावरच राहता, पण त्या दिवशी मी थँक्यू म्हणाले तर तुम्ही "बरं बरं" करून हात धुवायला निघून गेलात आणि नंतर दोनदा जिन्यात भेटलात तेव्हा माझा गळाच दाटून आला, गाडीच्या एका सेल्फपायी (इंजिन चालू करणारी मोटर हो) रडायचं म्हणजे काय, म्हणून मी आपली फोन बघत वर निघून गेले. तेव्हा आता सगळ्यांसमोरच लिहिते.

आधी बाकीच्यांचं सांगते, म्हणजे मला एवढं का भरून आलं ते कळेल. तीन आठवडे गाडीचं एकच चाललेलं. चावी फिरवली की टक. फक्त टक. परत फिरवा, परत टक, आणि सहाव्या-सातव्या वेळी लहर लागली तर एकदम चालू, जसं काही झालंच नव्हतं. पहिल्या मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच जाहीर केलं की बॅटरी गेली. नवी टाकली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी टक. परत गेले तर म्हणे मग अल्टरनेटर असेल, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग. असेल! दुसऱ्याला मी सांगतेय की इंजिन गरम असताना जास्त होतं, सकाळी कमी होतं, आणि तो माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, "मिस्टर नाही आले का?" आमच्या मिस्टरांना स्टेपनी कुठे असते तेही माहीत नाही हो. तिसऱ्याने तर गाडी न बघता फोनवरच निकाल दिला की सगळं वायरिंग करावं लागेल.

तेव्हा मी चिडून ठरवलं की आपणच बघायचं. रात्र रात्र वाचलं, व्हिडिओ बघितले, पार्ट नंबर जुळवून नवा सेल्फ मागवला, पान्यांचा सेट घेतला. नशिबाने आमच्या गाडीत सेल्फपर्यंत वरूनच हात जातो, खाली घुसावं लागत नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून कमरेपर्यंत आत वाकले होते आणि सेल्फच्या त्या जाड वायरच्या नटला पाना लावणार एवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "थांब."

मला वाटलं झालं, आता ऐकायचं, की बाईमाणसाने कशाला या भानगडीत पडावं, मेकॅनिक बोलवायचा ना. तुम्ही विचारलंत, "मायनस काढलास?"

बॅटरीच्या मायनसची वायर. नव्हती काढली. चावी काढलीय म्हणजे सगळं बंद, असं मी धरून चालले होते. ती जाड वायर बॅटरीच्या प्लसवरून थेट येते, मध्ये फ्यूज नाही, चावी असो नसो तिच्यात करंट असतोच, आणि पान्याचं एक टोक त्या नटावर अन् दुसरं इंजिनला लागलं असतं तर पाना तिथेच चिकटला असता. वर माझ्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. तुम्ही त्याच्याकडे नुसतं बघितलंत, मी काढून खिशात टाकलं.

मग म्हणालात, "नाही काढलास ते बरंच झालं, आधी आतला दिवा लाव आणि चावी मार." मारली. टक. "दिवा मंद झाला?" नाही, होता तसाच. "मग बॅटरीचा काय संबंध?" सेल्फ खरंच करंट ओढत असता तर दिवा मिणमिणला असता, कारण सेल्फ शंभरच्या वर अँपिअर सहज खेचतो. टक होतंय पण दिवा ढिम्म, म्हणजे करंट मोटरपर्यंत जातच नाही. दहा सेकंद लागली याला. दहा! तीन मेकॅनिकपैकी एकालाही ही दहा सेकंद मिळाली नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही नवा सेल्फ अंदाजानेच मागवला होता, माझा अंदाज बरोबर निघाला एवढंच.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. मी मायनसचा क्लॅम्प काढला, पण ती वायर ताठ, बाजूला केली की हळूच परत टर्मिनलकडे सरकायची. तुम्ही खिशातून रुमाल काढलात. पांढरा, इस्त्रीचा, घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. आणि तो त्या कळकट, पांढरी-हिरवी पूड धरलेल्या क्लॅम्पला गुंडाळून वर गाठ मारलीत. मी म्हणाले काका खराब होईल. तुम्ही म्हणालात, "होऊ दे." मग रंगाचा रिकामा डबा उपडा घालून बसलात आणि टॉर्च धरलीत.

काका, तुम्ही जन्मभर विजेच्या मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे आतली तार गुंडाळायचं काम, केलंत हे मला नंतर कळलं. तुम्ही हे काम अर्ध्या तासात उरकलं असतं. मला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत एकदाही माझ्या हातातला पाना घेतला नाहीत. माझ्या हातून चूक झालीच तर ती मला भोवू नये एवढी तजवीज केलीत आणि बाकी सगळं माझ्यावर सोडलंत. ज्याला येतं त्याला हात शिवशिवत असणारच, मला तर माझी मुलगी बुटाची नाडी बांधते तेवढा वेळही धीर निघत नाही.

बोल्ट वगैरे कसे निघाले ते लिहीत नाही. फक्त वरचा तो लपलेला बोल्ट, दिसतच नव्हता, मी मान वाकडी करकरून दमले तर म्हणालात, "डोळे मिट आणि बोटाने बघ." सापडला की! आणि मध्येच ती तुमच्या उस्तादांची गोष्ट, जुन्या गाड्यांत हाताने हँडल मारून इंजिन चालू करताना अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिनने उलटा झटका दिला की अंगठा गेला. रात्री मी शोधून वाचलं, 1912 साली कॅडिलॅक गाड्यांत इलेक्ट्रिक सेल्फ आला, त्याआधी लोकांची मनगटं मोडायची म्हणे. तुमच्या टॉर्चच्या उजेडात ते ऐकताना माझं मनगट इंजिन आणि ब्रॅकेटच्या मध्ये अडकलेलं होतं हे तेव्हा बोलले नाही.

सगळं बसवून चावी मारली तर पूर्ण शांतता. टकसुद्धा नाही. माझ्या पोटात गोळा. तुम्ही अक्षर बोलला नाहीत, टॉर्चचा झोत तेवढा हळूहळू सरकत एका जागी जाऊन थांबला. चावीकडून येणारी बारकी वायर, लोंबकळत होती, लावायचीच राहिलेली. मी परत मायनस काढला आणि या वेळी रुमाल मीच बांधला. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर गाडी पहिल्या फटक्यात उठली तेव्हा मी हॉर्न का वाजवला मला माहीत नाही.

मग जुना सेल्फ घेऊन तुमच्या दारात बसलो. सॉलेनॉइडमधलं, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचमधलं, ते एवढंसं तांबं जळून खडबडीत झालेलं, कार्बन ब्रश झिजून संपत आलेले. "हे आत सरकतं म्हणून टक होतं, पण करंट पुढे जात नाही म्हणून फिरत नाही," एवढं एक वाक्य. माझी जुनी बॅटरी बिचारी ठणठणीत होती, आणि ती आता त्या पहिल्याकडे आहे. असो.

रुमाल दोनदा धुतला. डाग जाईल असं वाटत होतं, पण बॅटरीच्या ॲसिडने कापड खाल्लं होतं, पिळताना चार भोकं पडली. नवा आणलाय, पांढराच, संध्याकाळी खाली घेऊन येते. जुना मागू नका, तो टूलबॉक्समध्ये पान्यांच्या वर ठेवलाय आणि पुढच्या वेळी मायनसला तोच बांधणार आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची