संगणक नंतर पाठव

विटा
रविवार, रात्री

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार. तुझा मेसेज वाचला. कंपनीतले वीस संगणक बदलणार आहेत आणि जुने आमच्या शाळेला द्यायचं तू वरपर्यंत बोलूनही ठेवलंस. बरं वाटलं, आणि खरं सांगू का, धास्तीही वाटली. मुख्याध्यापकांच्या कानावर मी अजून घातलेलं नाही. घातलं की ते हार-नारळ मागवतील, मग मला बोलायला जागाच उरायची नाही. म्हणून आधी तुला लिहिते. फोनवर हे होत नाही, तुझी मीटिंग मध्येच उगवते.

संगणक आमच्याकडे येऊन गेलेत गं. शाळांना संगणक द्यायच्या सरकारच्या आयसीटी योजनेत एका कंपनीला पाच वर्षांचा ठेका होता. यंत्रं, यूपीएस, जनरेटर आणि शिकवायला एक निदेशक, सगळं त्यातच. तो मुलगा चांगला होता, तुटपुंज्या मानधनावर जीव तोडून शिकवायचा. मुदत संपली, तो गेला, यंत्रं शाळेची झाली. पुढच्या पावसाळ्यात बॅटऱ्या बसल्या. दुरुस्तीला कुठल्या खात्यातून पैसे काढायचे यावर जो पत्रव्यवहार झाला त्याची फाईल जाड आहे. त्या खोलीत आता पोषण आहाराचा तांदूळ असतो.

मग संगणकाचा तास माझ्याकडे आला. का, तर गणिताच्या बाईंना येत असेल. त्यात ‘संगणक येणाऱ्या बाई’ म्हणजे शाळेची कारकूनच. यू-डायस प्लसवर शाळेची माहिती भरा, प्रत्येक मुलाचा अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक काढा, आधारमधलं नाव आणि रजिस्टरमधलं नाव जुळत नाही ते बघा, शिष्यवृत्तीचे अर्ज रात्री सर्व्हर मोकळा असताना टाका. शिकवायला उरतो तो आठवड्याचा एक तास, आणि तोही परीक्षा जवळ आली की इंग्रजीवाले मागून नेतात. दहावीच्या टक्केवारीत न धरल्या जाणाऱ्या विषयाची बाजू कोण घेणार? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग म्हटलंय. म्हटलंय खरं.

पण तास मी सोडलेला नाही. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्वदच्या दशकात यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ तयार केले. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकवाल्यांच्या संस्थेने २०१६मध्ये ‘सीएस पाठशाला’ सुरू केली, त्यांचे पाठ याच वळणाचे आहेत आणि मराठीतही मिळतात. त्यातला एक खेळ मी सातवीला दिला. कबड्डीच्या मैदानासाठी आणलेली फक्की घेतली, सहा रेघा आणि त्यांना जोडणारे बारा गोल आखले. सहा पोरं एका टोकाला, प्रत्येकाच्या हातात जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला आकडा. दोघं गोलात भेटले की आकडे ताडायचे, लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. दुसऱ्या टोकाला सगळे चढत्या क्रमाने बाहेर. पहिल्यांदा विस्कटलं, कारण मागच्या बाकावरचा एक बहाद्दर जोडीदार यायच्या आतच गोल ओलांडून पळाला. त्यावर पोरांनीच ठरवलं, दुसरा येईपर्यंत गोलात थांबायचं. तू ज्याचा पगार घेतेस त्यातलं बरंच काही इथेच आलं की नाही?

पुढच्या तासाला आकड्यांऐवजी नावं लावली आणि भांडण पेटलं. क्षितिजा म्हणाली, मी शेवटी, क्ष मुळाक्षरांत शेवटी येतो. पण ऑफिसातल्या एक्सेलच्या यादीत ती गणेशच्याही आधी होती, आणि गणेश ते पुरावा म्हणून घेऊन आला. सगळी वरात ऑफिसात. मी ‘क्ष’ टाइप केला आणि बॅकस्पेस एकदाच दाबलं. अक्षर गेलं नाही, मोडलं, मागे पाय मोडका ‘क’ उरला. यंत्राच्या लेखी ते क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे, म्हणून ती क-च्या घरात. पोरांनी मग ज्ञ फोडला, त्र फोडला, श्री फोडून बघितला. मुख्याध्यापकांचं पत्र टाइप व्हायचं राहिलं ते राहिलं.

आता मुद्द्याचं. तुझ्यासारखी भली माणसं शाळेत येतात, दिवसभर मुलांना काहीतरी झकास शिकवतात, फोटो होतात, गाडी पुण्याला जाते. सोमवारी मुलं मला विचारतात, बाई, पुढे काय? तालुक्याचं प्रशिक्षणही तसंच, दोन दिवस स्लाइड, चहा, सही. केरळने हे वेगळ्या वाटेने केलं. त्यांनी २००१मध्ये आयटी अॅट स्कूल सुरू केलं, शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडवले, फुकटची लिनक्स यंत्रणा घेतली म्हणजे परवान्याचा खर्च नको. २०१८पासून तर तिथल्या हायस्कुलांत ‘लिटल काइट्स’ नावाचे मुलांचे गट आहेत, यंत्रांची देखभालसुद्धा ती मुलं शिकतात. आपल्याकडे पैसा कमी पडतो हे मला पटत नाही. तास संपल्यावर बाईला विचारायला माणूस नाही, हे कमी पडतं.

तर तू मला एक माणूस दे. तूच असलीस तर उत्तम. वर्षभर, एक सोडून एक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर व्हिडिओ कॉलवर बसायचं. मुलांसमोर नाही, माझ्याबरोबर. मी पुढच्या तासाचं सांगेन, तू चुका काढ. कधीमधी प्रत्यक्ष आलीस तर मागच्या बाकावर बस आणि तोंड उघडू नकोस (तुला जमेल का ही शंका आहेच). शेजारच्या दोन शाळांतल्या बाईही तयार आहेत, त्यांचीही रड माझ्यासारखीच.

संगणक नकोत असं नाही. दिवाळीनंतर पाच पाठव, वीस नकोत, तेवढा लोड आमचं वायरिंग घेत नाही. लिनक्स आणि मुलांना ठोकळे जोडून कोडिंग शिकवणारं, ऑफलाइन चालणारं स्क्रॅच टाकूनच पाठव, इथल्या नेटवर डाउनलोडची वाट बघण्यात माझा तास जातो. आणि रॅमचं, बॅटरीचं पुढे कोण बघणार ते कंपनीकडून कागदावर घे.

तोवर हे सोडव. सहा पोरांना बारा गोल लागले. आता त्यांना आठ जणांसाठी तसंच रेघा-गोलांचं जाळं हवंय. मी शोधलं, एकोणीस गोलांत होतं, आणि त्याहून कमीत होत नाही असं सिद्ध झालेलं आहे म्हणतात. पण सातवीतली पोरगी विचारतेय, अठरात का नाही? तिला काय सांगू? शनिवारी सांग, बारा वाजता मी मोकळी असते.

तुझी,
माधुरी