फॉरमॅट मारण्याआधी राऊटर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेट चालू दिसतंय पण एकही साईट उघडत नाही, स्क्रीनवर 'डीएनएस सर्व्हर इज नॉट रिस्पॉन्डिंग' येतंय, आणि कॉम्प्युटर दुकानात नेला की लगेच उत्तर मिळतं, फॉरमॅट मारावं लागेल! हे आता फार झालंय म्हणून लिहितोय. आमच्या सोसायटीतल्या एका रिटायर्ड बाईंकडून असेच पैसे घेतले, विंडोज नवीन टाकून दिलं, घरी आणून वाय-फायला जोडला तर परत तेच, कारण बिघाड कॉम्प्युटरमध्ये नव्हताच. त्यांच्या नातवाचा मोबाईलही त्याच वाय-फायवर अडकत होता, पण दुकानात ते कुणी विचारलंच नाही.

आपण साईटचं नाव टाकतो पण कॉम्प्युटरला लागतो आकड्यांमधला पत्ता, तो शोधून देतो डीएनएस सर्व्हर. कुठल्या सर्व्हरला विचारायचं हे घरातली बहुतेक यंत्रं राऊटरकडूनच (वाय-फाय देणाऱ्या डब्याकडून) घेतात. म्हणून आधी त्याच वाय-फायवर मोबाईल लावून बघा (मोबाईल डेटा बंद करून!), दोन्हीकडे बंद असेल तर गडबड राऊटरमध्ये किंवा नेट कंपनीकडे. मग कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून इंग्रजीत ping 8.8.8.8 टाका, हा गुगलचा पत्ता आहे, रिप्लाय येतोय आणि नावाने मात्र काही उघडत नाही म्हणजे लाईन ठीक आहे, डीएनएसचंच दुखणं.

फक्त कॉम्प्युटरवरच त्रास असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी व्हर्जन ४ च्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका, तिथे मुद्दाम टाकलेलं असू शकतं.

बाईंच्या घरी झालं होतं असं की नेटची कंपनी बदलली पण राऊटर जुनाच ठेवला, आणि त्यात आधीच्या कंपनीचे डीएनएसचे आकडे हाताने टाकलेले तसेच होते. ती कंपनी दुसऱ्याच्या लाईनवरून आलेल्याला कशाला उत्तर देईल? राऊटरमध्ये ऑटोमॅटिक केलं आणि सगळं सुरू झालं. पण मला खरी काळजी वाटली ती पुढे, राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा (वाय-फायचा नव्हे) युजरनेम-पासवर्ड अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच होता!! नवीन लाईन जोडणाऱ्या माणसाने तो बदललाही नाही आणि बदला असं सांगितलंही नाही.

हे किरकोळ नाहीये. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने सुमारे ४० लाख कॉम्प्युटरचे डीएनएस गुपचूप बदलून लोकांना भलत्याच साईटवर नेलं होतं, एफबीआयने ती टोळी २०११ मध्ये पकडली, आणि तो व्हायरस असेच राऊटर बनवणाऱ्या कंपनीने आधीपासून ठरवलेले पासवर्ड वापरून राऊटरमध्येही घुसायचा. डीएनएस चोराच्या हातात गेलं की बँकेचं नाव बरोबर टाकूनही खोटं पान उघडू शकतं. अशा वेळी ब्राउझर बहुतेकदा सर्टिफिकेटची वॉर्निंग (ही साईट खरी असल्याची खात्री पटत नाही, अशी) देतो, बँकेच्या साईटवर ती आली तर पुढे जाऊ नका, पासवर्ड तर अजिबात टाकू नका, आपल्याकडे घाईत लोक ती वॉर्निंग न वाचताच पुढे जातात.

माझं म्हणणं एवढंच की नेट जोडून देणाऱ्या प्रत्येकाने राऊटरचा पासवर्ड ग्राहकासमोर बदलावा, कागदावर लिहून द्यावा, आणि जुना राऊटर असेल तर डीएनएस तपासूनच निघावं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे आपण जोडणीच्या बिलात देतोच. आणि आपल्या पेपरच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर हे सगळं स्क्रीनच्या फोटोंसकट एकदा छापा ही विनंती, ज्येष्ठ मंडळी अशी कात्रणं काढून जपून ठेवतात.

– एक वाचक, डोंबिवली